तिरकस अक्षर आणि यंत्राचा संस्कार

मोडी दप्तरे ज्यांच्या नित्य वाचनात आहेत, त्यांस अक्षरांचा कल ही बाब क्षुल्लक वाटत नाही. कागद हाती येताच मायना वाचण्यापूर्वी नजर प्रथम लिहिणाऱ्याच्या हातावर जाते. फराटा किती झुकला, कोठे जाड झाला व कोठे बारीक, यावरून लेखक सरावलेला कारकून की हात जड असलेला कोणी, याचा अदमास बांधता येतो. हल्ली दप्तरांची छायाचित्रे घेऊन ती संगणकाकडून वाचून घेण्याचे प्रयत्न चालू आहेत, व त्यात हा कल पुष्कळदा दोष समजून सरळ केला जातो. तो दोष की पुरावा, हा प्रश्न संग्राहकांपुढे मांडावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम कल म्हणजे काय ते पाहू. पोथीच्या पत्रांची चळत पाटावर ठेवून तिला वरून उजवीकडे हलका रेटा दिला, तर प्रत्येक पत्र आडवेच राहते, चळतीची उंची तीच राहते, मात्र तिची बाजू तिरपी होते. सबंध चळत एका कोपऱ्यावर टेकवून फिरविणे ही निराळी क्रिया होय. पहिलीस आम्ही येथे ‘रेट’ म्हणतो व दुसरीस ‘भ्रमण’.

उभ्या अक्षरापासून यंत्र तिरपे अक्षर बनविते ते रेटाने. संगणकीय पृष्ठांच्या प्रचलित नियमावलीत तिरप्या अक्षराचा कोन सांगितला नसेल तर तो १४ अंश धरावा असे ठरले आहे. या कोनाचे गणित आम्ही करून पाहिले. फराट्याची मूळ जाडी १०० मानली, तर आडवी रेघ १०० च राहते. उभा दंड ९७ होतो. ४५ अंशांनी डावीकडून उजवीकडे चढणारा फराटा ८८ वर येतो, आणि त्याच कोनाने उतरणारा ११३ पर्यंत फुगतो. मुळात समान असलेल्या दोन फराट्यांत चतुर्थांशाहून अधिक अंतर पडते. बोरूचे असे नाही. बोरूच्या टोकाचा छेद आणि तो धरण्याचा कोन यांवर जाडी ठरते. अक्षर झुकले तरी हा नियम मोडत नाही. म्हणूनच रेटलेले अक्षर डोळ्यास खुपते.

पश्चिमेकडील तिरपा ठसाही हातावरूनच आला. व्हेनिस येथील आल्दुस मानुतियुस याने १५०१ साली जो तिरपा ठसा वापरला, तो फ्रांचेस्को ग्रिफो याने तत्कालीन विद्वानांच्या धावत्या लेखनावरून कोरला होता. आजचे अक्षररचनाकार आरंभी यंत्राकडून रेट देववितात, दंडांची ठराविक जाडी सांगून ती यंत्राकडूनच काही अंशी पूर्ववत करून घेतात, आणि गोलाया अखेर डोळ्याने सुधारतात. यंत्रास जाडी सांगता येते. तीमागील लेखणी सांगता येत नाही.

मोडीचा संबंध ठशाशी थोडाच आला. विल्यम केरी यांचा मराठी कोश १८१० साली बंगालमधील श्रीरामपूर येथे मोडी ठशांत छापला गेला; परंतु पुढे ग्रंथमुद्रण बालबोधीचे झाले. २०१४ साली युनिकोड या सार्वत्रिक संकेतावलीत मोडीस स्थान मिळाले. त्याच वर्षी आमच्या छत्रपती संभाजीनगरातील डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठातील अभ्यासकांनी हस्तलिखित मोडी अक्षरे यंत्राने ओळखण्यावर निबंध प्रसिद्ध केला. हेमाद्रीने मोडी प्रचारात आणली अशी परंपरा ज्या देवगिरीशी जोडली जाते, ती येथून जवळच आहे. तेव्हा हे काम या भूमीस शोभणारेच होय. त्या निबंधात हू व झेर्निके यांच्या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या गणिती राशी वापरल्या आहेत. भ्रमणाने बदलत नाहीत हा या राशींचा मोठा गुण. परंतु रेटाने त्या बदलतात. त्यामुळे एकच अक्षर दोन हातांनी निरनिराळ्या कलाने लिहिले, तर यंत्रापुढची अडचण उरतेच.

येथे मोडीची एक सोय ध्यानी घ्यावी. मोडीत शिरोरेषा आधी सबंध ओळभर ओढून मग तिच्याखाली अक्षरे लिहीत. कागद छायाचित्रात वाकडा आला असेल, तर ते भ्रमण ही रेषाच सांगते. ते दूर केल्यावर जो कल उरतो तो मुख्यतः लेखकाचा. दोन्ही एकाच झटक्यात सरळ केली, तर कागदाचा वाकडेपणा आणि हाताचा स्वभाव यांतील भेद कायमचा नाहीसा होतो. शिवाय उलट रेट देताना वरील गणितही उलटते: चढणारे फराटे फुगतात व उतरणारे बारीक होतात. अशा प्रतीवरून बोरूचा छेद किंवा हाताचे वळण ठरवू जाणारा संशोधक लेखकाचे नव्हे, यंत्राचे अक्षर मोजत असतो.

यंत्राने वाचावे यास आमचा विरोध नाही. दप्तरांचे ढीग पाहता त्याची गरजच आहे. सूचना तीनच. मूळ छायाचित्र न बदलता जपावे. सरळ केलेली प्रत निराळी ठेवून तिच्यावर भ्रमणाचा व रेटाचा कोन पृथक् नोंदवावा. आणि हस्ताक्षरावरून काळ वा लेखक ठरविताना मूळ प्रतीखेरीज दुसरी प्रत प्रमाण मानू नये. कागद जीर्ण होतो तेव्हा तो आपल्यास दिसतो तरी. सरळ केलेल्या अक्षरात काय हरपले, हे मूळ जवळ नसल्यास कोणासही दिसणार नाही.