पडद्याशेजारचा आवाज

मूकपट मुका होता, हा समज आधी टाकून दिला पाहिजे. चित्र मुके असे. चित्रगृह मुके नसे. मुंबईत पेटी-तबला चाले, युरोपात पियानो चाले, आणि जपानात तर पडद्याशेजारी उभा राहून एक माणूस बोलत असे. त्याला बेन्शी म्हणत. पिंगुळीचे चित्रकथी एकेक चित्र पुढे धरून कथा गातात, ते ज्यांनी पाहिले असेल त्यांना बेन्शी चटकन उमगेल.

चित्रातल्या साऱ्या पात्रांचे बोलणे बेन्शी एकटा बोले. परमुलखातल्या चालीरीती तोच समजावून देई. जाहिरातीत त्याचे नाव ठळक अक्षरांत येई आणि पुष्कळ लोक चित्रापेक्षा त्याला ऐकायला जात. समजा, पडद्यावर एक बाई खिडकीशी उभी आहे. बेन्शीने आवाज खाली आणून, ही कोणाची तरी वाट पाहते आहे, असे म्हटले की ऐकणाऱ्यांचा गळा दाटून येणार. तेच त्याने थट्टेच्या सुरात म्हटले तर तीच बाई हसण्याचा विषय होणार. चित्रात तसूभर फरक नाही! आम्हां गेटसभावाल्यांना याचे नवल वाटत नाही. पगारवाढीचा जो आकडा आमच्या तोंडून ऐकताना माणसे जांभया देतात, तोच शाहिराने डफावर थाप मारून सांगितला की माना वर होतात.

१९३१ साल दोन्ही देशांना सारखेच मोठे ठरले. १४ मार्चला मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ लागला. त्याच वर्षी जपानात पहिला यशस्वी जपानी बोलपट निघाला, आणि ‘मोरोक्को’ हा अमेरिकन बोलपट जपानी अक्षरे चित्रावरच छापून दाखविण्यात आला. परभाषेतला चित्रपटही आता बेन्शीवाचून कळू लागला. मालकांचा हिशोब सोपा होता. कर्ण्याला पगार लागत नाही, तो आजारी पडत नाही. बेन्शी आणि वादक यांना काढून टाकण्याची भाषा सुरू झाली, आणि १९३२ साली टोकियोत त्यांनी संप केला.

या संपाच्या पुढाऱ्यांत हेइगो कुरोसावा नावाचा तरुण होता. परदेशी चित्रपटांचा तो नावाजलेला बेन्शी. बोलपट आता परत जाणार नाही, हे त्याला कळत होते. तरी सहकाऱ्यांसाठी मालकांशी बोलायला तोच बसला. जो संप जिंकता येणार नाही असे मनातून ठाऊक आहे, त्याच्या पुढे उभे राहणे म्हणजे काय, हे आम्ही जाणतो. त्याविषयी अधिक बोलवत नाही. संपाने नोकऱ्या वाचल्या नाहीत. १९३३ साली हेइगोने आत्महत्या केली.

त्याचा धाकटा भाऊ अकिरा. कोणते चित्रपट पाहावेत हे त्याला हेइगोनेच शिकविले होते. पुढे अकिरा दिग्दर्शक झाला. १९४८ चा ‘मद्यधुंद देवदूत’ हा चित्रपट चालू असताना त्याचे वडील वारले. त्या दुःखात तो रस्त्याने चालला होता, आणि कुठल्याशा कर्ण्यावरून ‘कोकिळा वॉल्ट्झ’ ही नाचाची खेळकर चाल वाजत होती. तिने दुःख हलके व्हायचे सोडून असह्य झाले. संगीतकार फुमिओ हायासाका यांना त्याने सांगितले की, हीच चाल चित्रपटात घ्या.

त्या प्रसंगात क्षयाने पोखरलेला, टोळीतून उतरलेला गुंड मात्सुनागा बाजारातून चालत जातो. कालपर्यंत त्याला वचकून असणारे दुकानदार आज त्याला विचारीत नाहीत. वर कर्ण्यावर कोकिळा वाजते आहे. रडका सूर घातला असता तर प्रेक्षकाने त्याची कीव केली असती, एवढेच. ही आनंदी चाल मात्र माणसाला एकटे पाडते. जगाला त्याची खबरही नाही, हे ती ऐकवते. सर्गेई आयझेनस्टाईन आणि त्याच्या सोबत्यांनी १९२८ मध्येच लिहून ठेवले होते की, ध्वनीने चित्राच्या मागे मागे चालू नये, त्याच्याशी झगडावे. कुरोसावाने पुढे आत्मचरित्रात चित्र आणि ध्वनी यांच्या मिलाफाला गुणाकार म्हटले आहे, बेरीज नव्हे. आमच्या मते तो ते पुस्तकातून कमी आणि त्या रस्त्यावर अधिक शिकला. आणि त्याआधी, थोरल्या भावाचा आवाज ऐकताना.

जपानात आजही मोजके बेन्शी आहेत. जुने मूकपट लावून ते पडद्याशेजारी उभे राहतात, आणि लोक तिकीट काढून त्यांना ऐकायला जातात.