ट्रॉलीचा हूक, पिन, बोल्ट कधी बदलावे? हंगामाआधी हे तपासून घ्या

जळगाव जामोद : कापूस, सोयाबीनच्या हंगामात तालुक्यातल्या ट्रॉल्या खामगाव, नांदुऱ्याच्या बाजारापर्यंत धावतात. ट्रॅक्टर आणि भरलेली ट्रॉली यांना जोडून ठेवते ती एक पिन आणि हुकाचे चार-सहा बोल्ट. चढावर पिन तुटली तर ट्रॉली मागे सुटते, अन् तिला थांबवणारं कोणी नसतं.

कधी बदलायचे?
पिन मधोमध घासून बारीक झाली, वाकली किंवा तिला चीर दिसली तर बदलावी. बोल्टाचे आटे झिजले, नटाभोवती गंजाची भुकटी दिसली, चालताना खडखड वाढली, तर बोल्ट ढिले झालेत असे समजावे. हुकाच्या पाट्याचे भोक लांबट झाले असेल तर नुसता बोल्ट बदलून भागत नाही, पाटाच बदलावा लागतो.

कोणता बोल्ट घ्यायचा?
जुना बोल्ट दुकानात सोबत न्यावा. जाडी, लांबी, आटे तेच हवेत. डोक्यावर 8.8 किंवा 10.9 असा आकडा कोरलेला असतो. जुन्यावर जो आकडा, त्यापेक्षा कमी घेऊ नये. पिनेच्या जागी सळईचा तुकडा किंवा साधा बोल्ट चालत नाही. तुटलेली पिन वेल्डिंग करून वापरू नये, तापवल्याने लोखंडाची ताकद बदलते.

कसे बदलायचे?
1. ट्रॉली रिकामी करून सपाट जागी लावावी. चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे द्यावेत, दांड्याखाली भक्कम टेका लावावा. दोन चाकी ट्रॉलीला हे फार गरजेचे. ट्रॅक्टर बंद, हँडब्रेक ओढलेला.
2. डिझेल-ब्रशने माती, ग्रीस काढून वेल्डिंगजवळ चिरा पाहाव्यात.
3. सगळे बोल्ट एकदम न काढता एकेक बदलावा. वॉशर आणि नायलॉनचा नट नवाच टाकावा.
4. समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीने आवळावेत. किती आवळायचे ते ट्रॅक्टरच्या पुस्तकात दिलेले असते.
5. पिन वरून खाली टाकून खालून लॉक-पिन लावावी. तार बांधून काम भागवू नये.

नट आणि पाट्यावर रंगाची एक सरळ रेघ ओढून ठेवावी. रेघ तुटलेली दिसली की नट फिरला. पहिल्या खेपेनंतर पुन्हा आवळून घ्यावे. सोबत साखळीही लावावी. पिन गेली तरी दांडा जमिनीवर आपटत नाही. ट्रॉली नेहमी खालच्या हुकालाच जोडावी. वरच्या टॉप लिंकच्या जागी जोडली तर ओढताना ट्रॅक्टर पुढून उचलून उलटू शकतो.