रिकाम्या काडतुसाची कथा



उडालेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी ही सामान्यतः टाकाऊ वस्तू समजली जाते. परंतु अमेरिकेत हिच्याभोवती एक घरगुती कारागिरी वाढली. तीत काटकसर आहे; तशीच मनुष्याच्या सावधपणाची कसोटीही आहे. तिच्या इतिहासाचा आज थोडक्यात परामर्श घ्यावयाचा आहे.

मूळ पाहिले तर सर्वच बार पूर्वी घरचे असत. सॅम्युएल कोल्टच्या टोपीच्या रिव्हॉल्व्हरबरोबर दारूची कुपी व गोळ्या ओतण्याचा साचा मिळे. शिसे वितळविणे व दारू मापणे ही ज्याची त्याने करावयाची कामे होती. १८५७ साली स्मिथ अँड वेसन यांनी धातूच्या काडतुसाचे रिव्हॉल्व्हर विक्रीस काढले. त्या काडतुसातील पेट घेणारे द्रव्य पुंगळीच्या काठात असे. घाव बसला की काठ चेपे, आणि पुंगळी कायमची निकामी होई. सोय झाली, पण काटकसर गेली.

ती परत आणली मध्यभागी टोपी असलेल्या काडतुसाने. १८६६ च्या सुमारास इंग्लंडात बॉक्सर व अमेरिकेत बर्डन यांनी अशा दोन तऱ्हा काढल्या. बर्डनच्या पुंगळीत टोपीमागे बहुधा दोन बारीक भोके बाजूस असतात. बॉक्सरच्या पुंगळीत एकच भोक नेमके मध्यभागी असते. त्यातून सळई घालून जुनी टोपी सहज बाहेर ढकलता येते. गंमत अशी की, अमेरिकनाची तऱ्हा युरोपात रुजली व इंग्रजाची अमेरिकेत! अमेरिकेतील घरोघरच्या या उद्योगास या एका भोकाचा मोठाच आधार मिळाला.

कारण हिशेब साधा आहे. काडतुसात पितळी पुंगळी हाच सर्वांत महाग भाग, आणि तोच पुनःपुन्हा वापरता येणारा. पुढे कोल्टचे रिव्हॉल्व्हर व विंचेस्टरची १८७३ ची रायफल एकाच काडतुसावर चालू लागली. विंचेस्टर कंपनी भरण्याची हत्यारेही विकी. १८८४ साली जॉन बार्लो यांनी आयडियल कंपनी काढली. तिची सांडशीसारखी हत्यारे खिशात मावत. त्यांहूनही मोलाचे म्हणजे तिचे मार्गदर्शक पुस्तक. दूरच्या गावी गुरू नसलेल्या मनुष्यास ते पुस्तकच गुरू झाले.

मात्र त्याच १८८४ साली फ्रान्समध्ये पॉल व्हिएय याने धूररहित दारू सिद्ध केली, आणि जुने ज्ञान धोक्याचे ठरले. कोल्टच्या ४५ च्या काडतुसात काळी दारू ४० ग्रेन, म्हणजे सुमारे २.६ ग्रॅम, भरीत. तेवढ्याने पुंगळी जवळजवळ भरे. चुकून दुप्पट दारू घालू म्हटले तरी जागाच नसे; पुंगळी हेच माप आणि तोच पहारेकरी. नवी दारू फार जोरकस. ती थोडीच लागते आणि पुष्कळ जागा रिकामी राहते. दुसऱ्यांदा माप पडले तरी वरून कळत नाही. मग रिव्हॉल्व्हर हातातच फुटते, बोटे जातात, डोळे जातात. यास्तव अंदाजाचे माप जाऊन तराजू आला, आणि छापील कोष्टकाबाहेर न जाण्याचा दंडक पडला.

दुसऱ्या महायुद्धात माल दुर्मीळ झाला, तेव्हा कॅलिफोर्नियात फ्रेड हंटिंग्टन यांनी १९४३ साली उडालेल्या २२ च्या पुंगळ्यांपासून गोळ्यांची कवचे बनविण्याचे साचे केले. निकामी ठरलेली काठाची पुंगळी अशी पुन्हा कामास आली. पुढे १९५८ साली विस्कॉन्सिनच्या रिचर्ड ली यांनी हातोडीने ठोकून चालविण्याचा स्वस्त संच काढला आणि ही कला अल्प मिळकतीच्या नेमबाजाच्याही आवाक्यात आली.

आपल्याकडे पुण्याजवळ खडकीस १८६९ पासून दारूगोळ्याचा कारखाना आहे. पण घरगुती उद्योग रुजला नाही. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याने प्रजेचे हात बांधले, आणि १९५९ च्या कायद्यानेही परवान्यावाचून दारूगोळा तयार करणे हा गुन्हाच ठरविला आहे.

या इतिहासाचा बोध काडतुसापुरता नाही. पैशाची काटकसर करणारास लक्षाची काटकसर करता येत नाही. जो दोन पैसे वाचवितो, त्याने दोनदा तोलले पाहिजे.