दुसरी संधी कुठून मोजायची?

राजशेखराच्या ‘काव्यमीमांसे’त एक कथा आहे. आई सोबत नेत नाही म्हणून सरस्वतीचा मुलगा काव्यपुरुष रागाने घर सोडतो. त्याला वळवायचे कसे? पार्वती साहित्यविद्या नावाची वधू निर्माण करते आणि त्याच्या मागावर धाडते. पूर्वदेश, पांचाल, अवंती, दक्षिण असे मुलूख ती त्याच्यामागे पालथे घालते. दर मुक्कामी तो थोडा थोडा निवळतो आणि अखेर विदर्भातल्या वत्सगुल्म नगरात दोघांचे लग्न लागते. वत्सगुल्म म्हणजे आपले वाशिम, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. गावाने मिरवावी अशीच ही कथा. मी मात्र ती वेगळ्या कारणासाठी काढली. भडकलेल्या पुरुषाला माणसांत आणण्याचे काम कथेने बाईच्या माथी मारले आहे, आणि हजारेक वर्षांनंतरही ते तिथून हललेले नाही. ‘लग्न करून टाका, सुधारेल’ हे वाक्य मानोऱ्यापासून रिसोडपर्यंत ज्याच्या कानांवर पडले नाही, असा माणूस सापडणे कठीण.

हाच प्रश्न मैदानावर आणू. घरात हात उगारणाऱ्या व्यावसायिक खेळाडूला दुसरी संधी द्यावी का, हा खेळ आणि कौटुंबिक हिंसा यांच्या अभ्यासक्षेत्राचा मध्यवर्ती प्रश्न. त्याला एकच एक शाखा पुरत नाही. थोडा कायदा लागतो, थोडे खेळाचे समाजशास्त्र, थोडा स्त्री-अभ्यास आणि बरेचसे नीतिशास्त्र. शारीरिक शिक्षणाचे शिक्षक, वकिलीची सनद नुकती घेतलेली मुले-मुली, महिला व बालविकास विभागाचे कर्मचारी आणि टीव्हीपुढे बसून सामना पाहणारा साधा वाचक, अशा सगळ्यांचे इथे स्वागत आहे. पूर्वतयारी फारशी नको. चार शब्दांमधला फरक तेवढा लक्षात ठेवावा लागेल.

त्याआधी पूर्वपक्ष ऐकू. वऱ्हाडातल्या जत्रेतली दंगल डोळ्यांपुढे आणा. आखाड्याची माती तेल, हळद, ताक घालून मऊ केलेली. पंचाच्या गळ्यात शिट्टी. शेवटच्या मानाच्या कुस्तीआधी भोंग्यावर इनाम देणाऱ्यांची नावे वाचली जातात. अशाच एका दंगलीत एका मल्लाच्या घरच्या भांडणाचा विषय निघाला, तेव्हा शेजारचे म्हातारबुवा मला म्हणाले, ‘‘पोट्ट्याची कुस्ती पाहाले आले ना भाऊ? घरचं ते घरी पाहून घेतीन.’’ मैदान वेगळे, माजघर वेगळे आणि दोन्हींचे हिशेबही वेगळे, हे मत जगभरच्या क्रीडा मंडळांनी आपापल्या भाषेत मांडले आहे. म्हातारबुवांनी ते एका दमात सांगितले, इतकेच.

आता ते चार शब्द. तक्रार, नोंदलेला गुन्हा, न्यायालयाचा निष्कर्ष आणि शिक्षा. वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत ते सर्रास एकमेकांच्या जागी येतात. अभ्यासकाने तसे करून चालत नाही. 1983 मध्ये भारतीय दंड संहितेत आलेले, पती व सासरच्यांच्या क्रूरतेविरुद्धचे कलम 498-अ हे फौजदारी. 1 जुलै 2024 पासून त्याची जागा भारतीय न्याय संहितेच्या कलम 85 आणि 86 ने घेतली. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा 2005 चा कायदा, जो 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू झाला, त्याची ठेवण निराळी. तो मुख्यतः दिलासा देतो: संरक्षण, राहण्याचा हक्क, पोटगी, मुलांचा ताबा. या कायद्याखाली हिंसा झाल्याचे न्यायालयाने म्हटले तरी त्या माणसाला ‘शिक्षा झालेला गुन्हेगार’ म्हणता येत नाही. संरक्षणाचा आदेश त्याने मोडला, तर मात्र तो गुन्हा ठरतो.

या कायद्याचा एक कागद जवळून पाहण्यासारखा आहे. कौटुंबिक घटना अहवाल हे त्याचे नाव. कचेरीत सगळे त्याला डीआयआर म्हणतात. संरक्षण अधिकारी तो बाईला विचारून भरतो. प्रत्येक घटनेची तारीख, जागा, वेळ. थप्पड की लाथ, ढकलले की चावा घेतला. शिव्या, टोमणे. घरखर्चाला पैसे न देणे, नोकरी करू न देणे, घराबाहेर काढणे. रकाने भरत जातात तसे ध्यानात येते की हाही एक गुणतक्ताच आहे. क्रिकेटमध्ये षटकाचा एकेक चेंडू टिपला जातो, तशी इथे एकेक रात्र टिपली जाते. फरक एवढाच, की हा तक्ता कुठल्याही खेळाडूच्या कारकिर्दीच्या आकडेवारीत दिसत नाही.

आपल्याकडची तीन प्रकरणे या विषयाचा प्राथमिक धडा म्हणून वाचावीत.

पहिले मुंबईचे. टेनिसपटू लिएंडर पेस यांच्याविरुद्ध त्यांच्या जोडीदार राहिलेल्या रिया पिल्लई यांनी 2014 मध्ये 2005 च्या कायद्याखाली अर्ज केला. फेब्रुवारी 2022 मध्ये महानगर दंडाधिकारी न्यायालयाने पेस यांच्याकडून कौटुंबिक हिंसा झाल्याचा निष्कर्ष काढला. पिल्लई यांनी राहते घर सोडल्यास दरमहा 1 लाख रुपये पोटगी आणि भाड्यापोटी आणखी 50 हजार, असा आदेश निघाला. असे अर्ज शक्यतो 60 दिवसांत निकाली काढावेत, असे कायदा सांगतो. इथे पहिल्या न्यायालयातच सुमारे आठ वर्षे गेली. जुलै 2024 मध्ये पेस यांचा आंतरराष्ट्रीय टेनिस हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला. 18 ग्रँड स्लॅम विजेतीपदे आणि 1996 चे ऑलिंपिक कांस्य पाहता खेळाच्या निकषावर त्याला कोण हरकत घेणार? प्रश्न निकषाचाच आहे.

दुसरे मोहम्मद शमी यांचे. मार्च 2018 मध्ये पत्नीने मारहाणीपासून बाहेरच्या संबंधांपर्यंत अनेक आरोप केले. शमी यांनी ते फेटाळले. क्रिकेट मंडळाने त्यांचा वार्षिक करार रोखून धरला आणि चौकशी लावली. पण ती कशाची? पैशांच्या संशयास्पद व्यवहाराची. भ्रष्टाचारविरोधी पथकाने त्यांना निर्दोष ठरवले आणि त्याच महिन्यात करार परत मिळाला. मारहाणीचा आरोप खरा की खोटा, हे मंडळाने पाहिलेच नाही; ते पाहण्याची यंत्रणाच त्याच्याकडे नव्हती. 2023 च्या विश्वचषकात शमी यांनी सर्वाधिक 24 बळी घेतले आणि पुढच्या जानेवारीत त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. जुलै 2025 मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने पत्नी आणि मुलीसाठी मिळून दरमहा 4 लाख रुपये देण्याचा अंतरिम आदेश दिला. मॅच-फिक्सिंगचा नुसता वास आला तरी धावणारी संस्था घरातल्या हिंसेच्या आरोपापुढे ‘खासगी बाब’ म्हणून थांबते, हे या प्रकरणातून शिकायचे.

तिसरे माजी क्रिकेटपटू विनोद कांबळी यांचे. फेब्रुवारी 2023 मध्ये पत्नीच्या तक्रारीवरून वांद्रे पोलिसांनी गुन्हा नोंदवला. नोंदलेला गुन्हा म्हणजे सिद्ध झालेला गुन्हा नव्हे, हे इथे मुद्दाम लक्षात ठेवायचे. डिसेंबर 2024 मध्ये शिवाजी पार्कवर त्यांचे प्रशिक्षक रमाकांत आचरेकर सरांच्या स्मारकाच्या कार्यक्रमात कांबळींची खालावलेली तब्येत लोकांनी पाहिली आणि महाराष्ट्र हळहळला. ती हळहळ माणुसकीचीच होती. मात्र त्यांच्या पत्नीने पुढे एका मुलाखतीत सांगितलेली गोष्ट या हळहळीच्या शेजारी ठेवून वाचावी: घटस्फोटासाठी अर्ज केला होता, पण त्यांची असहाय अवस्था पाहून तो मागे घेतला. टाळ्या मैदानावर वाजल्या. संधी देणारी व्यक्ती घरात होती.

या तिन्हींच्या शेजारी आपल्या जिल्ह्यातला एखादा तलाठी उभा करून पाहा. महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम 1979 नुसार सरकारी कर्मचारी 48 तासांहून अधिक काळ कोठडीत राहिला, की तो निलंबित झाल्याचे मानले जाते. गुन्हा घरचा की दारचा, हे तिथे विचारात येत नाही. निर्दोष सुटला तर तो परत खुर्चीवर बसतो. म्हणजे आरोप गंभीर मानायचा, पण निकाल आधीच लावायचा नाही, ही वाट आपल्याला ठाऊक आहे. ती मैदानापर्यंत पोचली नाही, इतकेच.

बाहेरचे जग आपल्यापुढे आहे, पण फार नाही. अमेरिकी फुटबॉलपटू रे राइस याने फेब्रुवारी 2014 मध्ये लिफ्टमध्ये होणाऱ्या पत्नीला मारले. लीगने आधी दोन सामन्यांची बंदी घातली. सप्टेंबरमध्ये लिफ्टमधले चित्रीकरण लोकांसमोर आले, तेव्हा संघाने त्याला काढले आणि बंदी बेमुदत झाली. एकाच कृत्याला दोनदा शिक्षा नको म्हणून लवादाने ती उठवली, तरी पुन्हा कोणत्याही संघाने त्याला घेतले नाही. फेब्रुवारीतले कृत्य तेच होते. कॅमेऱ्याने पाहिल्यावर त्याची किंमत बदलली. अमेरिकी बेसबॉलने ऑगस्ट 2015 मध्ये खेळाडूंच्या संघटनेशी मिळून धोरण केले. न्यायालयात दोष सिद्ध होण्याची वाट न पाहता चौकशी, कारवाई आणि उपचार-समुपदेशन, अशी त्याची रचना. त्याखाली पहिली बंदी, 30 सामन्यांची, ॲरोल्डिस चॅपमन याला मार्च 2016 मध्ये झाली. त्याच वर्षी तो शिकागो कब्जच्या विजेत्या संघात होता. 108 वर्षांनी आलेल्या विजयाच्या जल्लोषात बंदी कुणाला आठवणार?

विरुद्ध बाजूचे म्हणणे हलके नाही. मारहाणीची शिक्षा भोगून आलेला रिक्षावाला पुन्हा रिक्षा चालवतो. मग कबड्डीपटूनेच पोटाचा धंदा का सोडावा? त्याची कमाई थांबली, तर पोटगी कुठून येणार? आणि आपल्या एका तक्रारीने नवऱ्याची कारकीर्द संपणार म्हटल्यावर किती जणी ठाण्याची पायरी चढतील? या प्रश्नांना बगल देऊन या विषयात कुणाला पुढे जाता येत नाही.

माझी भूमिका या वादात लपवत नाही. ‘संधी’ हा एक शब्द तीन वेगळ्या गोष्टींना वापरला जातो, आणि सगळा घोळ तिथे होतो. पहिली रोजी: खेळून कमावण्याचा हक्क. चौकशी झाली, न्यायालयाचे आदेश पाळले, समुपदेशन पूर्ण केले, पोटगी थकवली नाही, तर ही संधी द्यावी. दुसरी मान: पुरस्कार, सत्कार, फ्लेक्सवरचा फोटो. तो कुणाचाच हक्क नव्हे. त्याला वेळ लागला तर लागू द्यावा. तिसरी जबाबदारी: कोवळ्या पोरापोरींचा प्रशिक्षक होणे. ही सर्वांत शेवटी, आणि बहुधा नाहीच. आपण आज नेमके उलटे करतो. सत्कार आधी होतो, पोटगी मागाहून, तीही वॉरंट निघाल्यावर.

या सगळ्याच्या मुळाशी मोजणीचा प्रश्न आहे. मंडळ, संघमालक, प्रेक्षक ‘दुसरी संधी’ म्हणतात तेव्हा ते बातमी फुटल्यापासून मोजतात. घरात मोजणी कितीतरी आधी सुरू झालेली असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत महाराष्ट्रातल्या 18 ते 49 वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी सुमारे दर चौघींत एकीने नवऱ्याची हिंसा सोसल्याचे सांगितले. त्यांतली जी तक्रारीपर्यंत पोचते, ती बहुधा त्याआधी माहेर, सासर आणि अनेकदा गावची तंटामुक्त समितीही पार करून येते, आणि दर पायरीवर तिला ऐकावे लागते, ‘एक संधी दे.’ ती देतेही. पाचवी, दहावी, विसावी. बाहेरचे लोक ज्या संधीला दुसरी म्हणतात, ती घरच्या हिशेबात कितवी, हे फक्त तिला ठाऊक असते. म्हणून त्याने खेळावे का, हे ठरताना तिचे म्हणणे, तिच्या सुरक्षिततेला धक्का न लावता, ऐकलेच पाहिजे. निर्णयाचे ओझे मात्र तिच्यावर नको. ते संस्थेने उचलावे.

हा हिशेब मांडणारी पहिली मराठी बाई आपल्या शेजारच्याच जिल्ह्यातली. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 1882 मध्ये ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिली. निमित्त होते सुरतच्या विजयालक्ष्मी या विधवेला बालहत्येसाठी झालेल्या शिक्षेचे. एकाच समाजात पुरुषाच्या चुकीला पोटात घातले जाते आणि बाईच्या चुकीला फास लागतो, ही ताराबाईंची तक्रार. आजच्या विषयाला त्या पुस्तकापासून सुरुवात केली तरी चालेल.

पुढचे काम वाचकाचे. आपल्या तालुक्यातल्या क्रीडा मंडळाची घटना मागवा आणि तिच्यात डोपिंगवर, वयचोरीवर काय आहे आणि घरच्या हिंसेवर काय आहे, हे शेजारी शेजारी लिहून काढा. न्यायालयांचे आदेश मुळातून वाचा. कुणा बाईची मुलाखत घ्यायची असेल, तर आधी संरक्षण अधिकाऱ्याशी बोला. तुमच्या प्रबंधापायी तिच्यावर नवे संकट नको. आणि पुढच्या जत्रेत मानाच्या कुस्तीआधी भोंग्यावर कुणी ‘पोराला एक संधी द्या’ म्हणाले, तर शांतपणे विचारा: आजवर किती दिल्या, आणि मोजल्या कुणी?