तळटीप : ‘सावनेरचे दगडी देऊळ’

* ब्रिटिश काळातील इम्पीरियल गॅझेटिअर सावनेरचे जुने नाव सरस्वतपूर असे देते आणि चुन्याशिवाय मोठमोठे दगड रचून बांधलेल्या एका जुन्या देवळाची नोंद करते. मात्र गॅझेटिअरमधली नोंद म्हणजे संरक्षण नव्हे. मूळ लेखात या दोन गोष्टींची गल्लत दिसते, म्हणून हा खुलासा. ‘राष्ट्रीय महत्त्वाचे स्मारक’ हा दर्जा १९५८च्या केंद्रीय कायद्याने मिळतो. वास्तू किमान शंभर वर्षे जुनी हवी. सरकार आधी आपला इरादा राजपत्रात जाहीर करते, त्याची प्रत वास्तूजवळ ठळक जागी लावते आणि हरकतींसाठी दोन महिने देते. हरकती येतात त्या बहुधा पूजा बंद पडेल या भीतीने. ती भीती अनाठायी आहे. कलम १६नुसार सरकारच्या देखभालीतील प्रार्थनास्थळ त्याच्या स्वरूपाशी विसंगत कामासाठी वापरता येत नाही. त्र्यंबकेश्वर संरक्षित असूनही तिथे नित्यपूजा चालतेच. खरी अडचण शेजाऱ्यांची होते. २०१०च्या दुरुस्तीनंतर हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम निषिद्ध आणि त्यापुढील २०० मीटर नियंत्रित. भर वस्तीतल्या देवळाला हे जड जाते. केंद्राच्या यादीत न बसणाऱ्या वास्तूंसाठी राज्याचा १९६०चा कायदा आहे. कोर्टाचा मार्गही मोकळा असतो : लोणार सरोवराच्या संवर्धनाची जनहित याचिका उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढेच अनेक वर्षे चालली. तरी जीर्णोद्धाराच्या उत्साहात गाभाऱ्याला टाइल्स आणि खांबांना ऑइल पेंट लागतो, तो कोणत्याही नोटिशीच्या आधीच. — संपा.