पांढरी, जोते आणि माळा

वऱ्हाडात पिकते ती जमीन काळी आणि माणसे वसतात ती पांढरी. बुलढाणा जिल्ह्यात पूर्णेकाठच्या जुन्या गावांची पांढरी बहुधा भोवतालच्या रानाहून उंच दिसते. मातीची घरे पडत गेली, त्याच मातीवर नवी उभी राहिली आणि गाव चढत गेले. पुराशी झुंजण्याचे हे शास्त्र कोणी लिहून ठेवले नाही.

मुंबईचा इतिहास नेमका उलटा आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस वरळीजवळची खिंड बांध घालून अडवली गेली आणि भरतीच्या पाण्याखाली जाणाऱ्या सखल भूमीवर वस्ती उतरली. कामाठीपुरा, खेतवाडी हे भाग अशा खोलगटातलेच. ब्रिटिशकालीन गटारे तासाला 25 मिलिमीटर पाऊस वाहून नेतील अशा हिशेबाने बांधलेली. तेही समुद्राला ओहोटी असेल तर. 1985च्या पुरानंतर नेमलेल्या अभ्यासाने 1993 साली ही क्षमता दुप्पट करण्याची शिफारस केली. ती कागदावर असतानाच 26 जुलै 2005 उजाडला आणि सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस कोसळला. आमच्या जिल्ह्यात साऱ्या वर्षाची सरासरीही एवढी नाही!

पुराचा इतिहास सहसा गटारांच्या आणि मिठी नदीच्या अंगाने लिहिला जातो. आम्हाला, भाषेचे शिक्षक म्हणून, तो 'माळा' या एका शब्दात अधिक दिसतो. मुंबईकर मजल्यालाही माळाच म्हणतो आणि दहा बाय बाराच्या खोलीत छताखाली ठोकलेल्या फळ्यांनाही. ज्याचा माळा तिसरा, तो पाणी खिडकीतून पाहतो. ज्याचा माळा फळ्यांचा, तो शिधापत्रिका, मुलांची पुस्तके, धान्य आणि म्हातारी माणसे त्यावर चढवून स्वतः पाण्यात उभा राहतो. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ कोशकारांनी शेजारी मांडावेत आणि समाजशास्त्रज्ञांनी वाचावेत.

जोत्याची कथा याहून संथ. डांबराच्या थरावर थर चढून रस्ता वर येतो, घर आपोआप खाली जाते. मग दाराशी विटांचा गुडघाभर उंबरठा, काही वर्षांनी आत भर घालून नवी लादी, विजेचा मीटर हातभर वर. पत्रे मात्र तिथेच राहतात. उंची घटते, घरातली माणसे वाकून वावरू लागतात. कुर्ल्यातल्या अशा एखाद्या घराची जमीन खणली, तर लादीखाली लादी, तिच्याखाली राबिट असे थर लागतील. ती मुंबईची पांढरी.