अजिंठ्याचें राजचित्र आणि त्याच्या नकला

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांतील अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यांत एक राजदरबार रंगविलेला आहे. टोकदार टोप्या घातलेले दाढीवाले परदेशी पुरुष सिंहासनस्थ राजास नजराणा देत आहेत. हा राजा कोण, या प्रश्नाची कथा त्याच्या नकलांच्या कथेशीं निगडित आहे.

मद्रास फौजेंतील रॉबर्ट गिल हे १८४४ सालीं येथें नकला करण्यास आले. पुढें त्यांनीं कॅमेराही वापरला. त्यांचीं छायाचित्रें व जेम्स फर्ग्युसन यांचा मजकूर अशीं पुस्तकें १८६४ सालीं लंडनांत निघालीं. परंतु त्या काळच्या छायाचित्रांत निळा रंग फिकट उमटे, तांबडा व पिवळा काळवंडून जाई. अजिंठ्याच्या भिंतींवर तर गेरू आणि पिवडी यांचाच भर! शिवाय लेण्यांत अंधार. तेव्हां चित्रांचे रंग उतरवावयाचे तर कुंचल्यावांचून गत्यंतर नव्हतें.

दुर्दैवानें गिल यांच्या बहुतेक नकला १८६६ सालीं क्रिस्टल पॅलेसच्या आगींत जळाल्या. मग मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनीं विद्यार्थ्यांसह १८७२ पासून १८८५ पर्यंत तेंच काम पुन्हां केलें. त्यांतील अनेक नकलाही १८८५ सालीं साउथ केन्सिंग्टनच्या आगींत गेल्या. ग्रिफिथ्स यांचे दोन छापील खंड १८९६-९७ सालीं निघाले.

मध्यंतरीं, १८७९ सालीं, फर्ग्युसन यांनीं या दरबारास नांव दिलें: राजा म्हणजे चालुक्य दुसरा पुलकेशी, आणि परदेशी हे इराणच्या दुसऱ्या खुस्रूचे वकील. पुलकेशीनें खुस्रूकडे वकील पाठविल्याचा उल्लेख इतिहासकार तबरी याच्या ग्रंथांत आहे, असा त्यास आधार. छतावरील मद्यपान करणारा पुरुष म्हणजे प्रत्यक्ष खुस्रूच, असेंही ते म्हणाले. हें नांव इतिहासाच्या पुस्तकांतून रूढ झालें.

परंतु वॉल्टर स्पिंक यांच्या मतें हें लेणें पांचव्या शतकाच्या उत्तरार्धांतील, वाकाटक हरिषेणाच्या काळचें. पुलकेशी व खुस्रू तर सातव्या शतकाच्या आरंभींचे. मधें दीड शतक! म्हणून कित्येक अभ्यासक हा दरबार बौद्ध कथेंतील राजाचा मानतात.

हैदराबाद संस्थानाच्या पुरातत्त्व खात्याचे गुलाम यझदानी यांनीं १९३० पासून छायाचित्रांवर आधारलेले रंगीत खंड काढले, तेव्हां कॅमेऱ्याची ती जुनी उणीव भरून निघाली. या सर्व नकलांचें ऋण मोठें आहे. भिंतीवरून जें झडून गेलें, त्यांतील कांहीं भाग आज त्यांतच पाहावयास मिळतो. मात्र नकलेखालीं छापलेलें राजाचें नांव मूळ चित्रकारानें लिहिलेलें नाहीं, तें शतकानुशतकांनंतरच्या वाचकानें दिलेलें आहे, हें पाहणारानें ध्यानीं ठेवावें.